लिहून ठेवलेली आज्ञा : कचेरीच्या हिशेबामागील स्क्रिप्टचा इतिहास

१/ कंपनीच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील हजारो नोंदी एका रात्रीत बदलायच्या असतील, तर कोणीही त्या एकेक उघडत बसत नाही. आज्ञांची एक छोटी फाइल चालविली जाते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. या फाइलचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे.

२/ आरंभ हिशेबापासून करावा लागेल. लंडनमधील जे. लायन्स अँड कंपनी चहागृहे आणि बेकऱ्या चालवीत असे. नोव्हेंबर १९५१ मध्ये कंपनीने स्वतः बांधलेल्या ‘लिओ’ संगणकावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन सुरू झाले. संगणकावर नियमितपणे चाललेले हे पहिले व्यापारी काम मानले जाते.

३/ पुढे १९६० च्या दशकात एकाच संगणकावर अनेकांना आपापल्या टर्मिनलवरून काम करता येऊ लागले. मात्र आज्ञा एकामागून एक टंकित कराव्या लागत. रोजचे काम तेच असले, तरी तोच क्रम पुन्हा टंकणे आले. एक पायरी विसरली, की सारे काम फसे.

४/ अमेरिकेतील एमआयटी संस्थेत काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी यावर सोपा तोडगा काढला. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी ‘रनकॉम’ हा प्रोग्राम लिहिला. फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञा तो क्रमाने पार पाडी. युनिक्समधील अनेक फाइलींच्या नावात आजही दिसणारी ‘आरसी’ ही अक्षरे याच रनकॉमची खूण होत. ‘शेल’ हे नावही पूझँ यांचेच.

५/ १९६४ मध्येच बेल लॅब्जच्या डग मॅक्‌इलरॉय यांनी एका टिपणात कल्पना मांडली : बागेतील नळीला नळी जोडावी, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती ‘पाइप’ रूपाने प्रत्यक्षात आणली. एका प्रोग्रामने निवडलेल्या नोंदी थेट दुसऱ्याकडे जाऊ लागल्या.

६/ युनिक्स संशोधकांनी घडविले. परंतु त्याचा पहिला महत्त्वाचा वापरकर्ता होता बेल लॅब्जचाच पेटंट विभाग, म्हणजे एक कचेरी! १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी ‘ऑक’ ही भाषा तयार केली. त्यांच्या १९८८ च्या पुस्तकातील पहिलेच उदाहरण पगारपत्रकाचे आहे : नाव, ताशी दर, कामाचे तास. ज्यांनी काम केले त्यांचीच नावे निवडायची आणि वेतन काढायचे. हे सारे एका ओळीत होते.

७/ हीच परंपरा आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. मुंबईत जन्मलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीसोबत ‘बेंच’ हे आज्ञावलीचे साधन येते. त्याच्या एका आज्ञेने सर्व साइटींचा बॅकअप घेता येतो. ती आज्ञा ठरावीक वेळी आपोआप चालेल, अशी व्यवस्थाही करता येते.

८/ या सोयीची किंमतही आहे. वही लिहिताना कारकुनाची चूक एका ओळीपुरती राही. चुकीची स्क्रिप्ट क्षणात हजारो नोंदी बिघडविते, आणि तेही बिनचूक शिस्तीने! म्हणूनच जाणते लोक आधी बॅकअप घेतात, मग मूळ माहितीऐवजी तिच्या प्रतीवर स्क्रिप्ट चालवून पाहतात.

९/ तरीही लिहिलेल्या आज्ञेचा एक मोठा गुण आहे. काम कसे झाले हे ती दडवीत नाही. अनुभवी माणूस निवृत्त झाला, तर त्याच्या डोक्यातील पद्धत त्याच्यासोबत जाते. स्क्रिप्ट मागे राहते. ती वाचता येते, तपासता येते, सुधारता येते. उद्याचा इतिहासकार आपल्या काळातील कचेरी समजून घेऊ पाहील, तेव्हा या रुक्ष फाइली त्याच्यासाठी अव्वल दर्जाची साधने ठरतील. ती जपून ठेवायची की नाही, हे मात्र आजच ठरते आहे.