पेटीतले कागद आणि आपला इतिहास

आमच्या लहानपणी घरात पत्र्याची एक पेटी होती. ती आजोबांची. तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. आजोबांचे निधन झाले, चाळीसावा झाला आणि मग ती पेटी उघडली गेली. आत एक तसबीह, शेताच्या काही पावत्या आणि तळाशी फडक्यात बांधलेले कागदांचे पुडके निघाले. कागद जाड, पिवळे पडलेले, कडेला वाळवीने खाल्लेले होते. एकावर काळ्या शाईची गोल मोहर होती. अक्षर कोणालाच लागेना. वर 'बिस्मिल्लाह' आहे एवढे मात्र वडीलधाऱ्यांनी ओळखले आणि फैसला केला की, अल्लाहचे नाव पायदळी जाता कामा नये. पुडक्याला दगड बांधून ते वैतरणेत सोडण्यात आले. नदीपर्यंत ते आम्हीच उचलून नेले होते. मोठे सवाबाचे काम केले या समाधानात आम्ही घरी परतलो.

पुढे बी.एड. करताना 'इतिहासाची साधने' हा विषय अभ्यासाला आला. पुस्तकात एका जुन्या सनदेचे छायाचित्र होते. वर तशीच मोहर, खाली तसेच पळते अक्षर. ते पाहिले आणि छातीत धस्स झाले. आम्ही पाण्यात सोडले ते वतनाचे कागद होते, जमिनीचे की काझीच्या निवाड्याचे, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. बेअदबी टाळण्यासाठी आम्ही आपल्याच घराची साक्ष बुडवली होती.

हा प्रकार फक्त आमच्या घरी घडला असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण मनोर-पालघरच्या पट्ट्यात ज्या ज्या जुन्या घरी आम्ही हा विषय काढला, तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळाले. कोणी विहिरीत सोडले, कोणी कब्रस्तानात पुरले, कोणी घर पाडताना जाळले. म्हणून या पानांवर मन मोकळे करीत आहोत.

कागदाचे असे होते. तांबे मात्र टिकते. तारापूरला लागून चिंचणी गाव आहे. तिथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. या संस्कृत लेखात संजाणच्या एका अधिकाऱ्याची माहिती येते. त्याचे नाव मधुमती, बापाचे नाव सहियारहार आणि जमात ताजिक. ताजिक म्हणजे अरब. अभ्यासकांनी मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरियार असे ओळखले आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने या मुहम्मदाला संजाण मंडळाचा कारभार सोपवला होता. त्याने काय केले? दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य होडी ठेवली. संजाणात अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एका ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली, तिच्या खर्चासाठी जमीन देण्याचा व्यवहारही याच मुहम्मदाच्या कारभारात झाला.

अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर एक मुसलमान अधिकारी हिंदू राजाच्या चाकरीत होता आणि नदी ओलांडणाऱ्या सर्वांसाठी होडी चालवीत होता. आज आपण कोण, कुठले, असे कोणी विचारले तर याहून सरळ उत्तर कोणते? पण ते उत्तर आम्हांला आमच्या घरातून, मशिदीतून किंवा जमातीतून मिळाले नाही. तांब्यावर कोरले होते म्हणून ते टिकले आणि कोणी अभ्यासक वाचायला बसला म्हणून कळले.

महाराष्ट्रात असे वाचायला बसणारे लोक शंभर वर्षांपूर्वी कसे तयार झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. वाई येथे मिळालेल्या कागदांवरून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ही माला गेली. त्या वेळी जुनी दफ्तरे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जात होती. हा माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरला, माळ्यांवर चढला, लोकांची बोलणी खाल्ली आणि कागद गोळा केले. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडो चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. आज त्या मंडळाच्या दफ्तरात पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत असे सांगतात. पुढे राजवाडे मंडळापासून दूर होऊन धुळ्याला गेले. १९२६ च्या अखेरीस तिथेच त्यांचे निधन झाले आणि लगोलग १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. उत्तर कोकणाची जुनी हकिकत सांगणारी 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये छापून लोकांसमोर आणली तीही राजवाड्यांनीच.

राजवाड्यांची सगळीच मते आम्हांला पटतात असे नाही. पण मत चुकले तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो, कागद गेला तर कोणाच्याच हाती काही राहत नाही. या मंडळांनी सभा घेतल्या, त्रैमासिके काढली, कागद वाचून त्यावर भांडणे केली. पण आधी तो कागद जपला.

याच पुण्याच्या मंडळात गणेश हरी खरे यांनी आयुष्य वेचले. ते १९०१ साली पनवेलला जन्मले, म्हणजे आपल्याच कोकणचे. मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी कागद फारसीत आहेत आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे ओळखून ते फारसी शिकले. १९३४ पासून त्यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या नावाने मूळ कागद आणि त्यांचे मराठी भाषांतर असे खंड काढले. निजामशाही-आदिलशाहीच्या कितीतरी कागदांवर वर फारसी आणि खाली मोडीतली मराठी अशी जोडी असते. एकाच कागदावर दोन्ही लिप्या शेजारी नांदतात. मराठवाड्यातले सेतुमाधवराव पगडी यांनीही फारसी आणि उर्दूतले इतिहासग्रंथ मराठीत आणण्यासाठी मोठे काम केले. या दोघांच्या घरात ही भाषा वारशाने आलेली नव्हती. त्यांनी ती गरजेपोटी, कष्टाने मिळवली. आणि ज्यांच्या घरी उजवीकडून डावीकडे लिहिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे ते आपण मात्र कागद नदीत सोडत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

आपल्यातले कोणीच या कामात नव्हते असेही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अरबी-फारसी शिलालेखांचे कार्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपुरात आहे. तिथे डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी देशभरातल्या मशिदी, दर्गे, किल्ले यांवरचे लेख वाचून प्रसिद्ध केले. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामने १९४७ साली उर्दू संशोधन संस्था काढली. पण ही कामे मोठ्या शहरांत झाली. गावची जमात तिथपर्यंत पोचली नाही आणि ती कामे गावापर्यंत आली नाहीत.

असे का झाले? आमच्या मते, इतिहास हा शब्द आपल्या कानावर बहुधा आरोपपत्रासारखा पडतो. मिरवणुकीत, निवडणुकीच्या सभेत, कधी शाळेच्या वर्गातही. चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सरदाराचा जाब आजच्या रिक्षावाल्याला विचारला जातो. मग माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर दूरच्या वैभवाचा आधार घेतो. कुर्तुबा, बगदाद, ताजमहाल आपल्याला तोंडपाठ असतात. आपल्या गावच्या मशिदीची पहिली भिंत कोणी घातली ते सांगता येत नाही. आरोपाला कुर्तुबा हे उत्तर नाही. चिंचणीचा मुहम्मद हे उत्तर आहे.

गेल्या वर्षी आम्ही वर्गात एक प्रयोग केला. फळ्यावर 'तिसा सलासीन मया व अलफ' असे लिहिले आणि विचारले, हे काय? मदरशात जाणारी मुले लगेच बोटे मोजू लागली. तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. उत्तर आले, अकराशे एकोणचाळीस. आम्ही सांगितले, हा पेशव्यांच्या मोडी कागदांवर येणारा सुहूर सन आहे. त्यात ५९९ मिळवले की १७३८ येते आणि तो पुढच्या मेपर्यंत चालतो. म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते हे वर्ष. आकडे अरबी, पण वर्ष सुरू होते मृग नक्षत्रावर, आपल्या पेरणीच्या हंगामाला. हिजरी साल चंद्राचे, त्यामुळे शेतसाऱ्याच्या वसुलीला ते जमेना, म्हणून ही तोड निघाली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे पेशव्यांच्या कारकुनांनाही आपली गिनती पाठ करावी लागायची?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण 'आपली' आणि 'त्यांची' यांतली भिंत त्या तासाला थोडी खाली आली, हे आम्हांला जाणवले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उर्दू येते म्हणून जुना फारसी कागद वाचता येतो असे मुळीच नाही. दफ्तरी अक्षर बहुधा शिकस्ता वळणाचे असते. त्यात नुक्ते गाळलेले असतात, सुटी अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि रकमा सियाक नावाच्या वेगळ्याच खुणांत लिहिलेल्या असतात. ते शिकायला वर्षे लागतात. पण आपल्या मुलाची सुरुवात शून्यापासून नसते. त्याला मराठी येते, उर्दूची लिपी येते, अरबी आकडे येतात. मोडी तेवढी शिकायची राहते. अशी मुले महाराष्ट्रात आणखी कुठे मिळणार?

आता आमच्या मनोरकडे पाहा. अहमदाबादला जाणारा माणूस मस्तान नाक्यावर चहा पितो आणि निघून जातो. हे एके काळी वैतरणेच्या खाडीवरचे बंदर होते, भरतीबरोबर इथवर गलबते येत, हे त्याला ठाऊक नसते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगिजांना दिली. १५५६ मध्ये त्यांनी आशेरीचा किल्ला आणि मनोर घेतले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याच मोहिमेत तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. या प्रत्येक टप्प्यावर इथे आपले लोक होते. काझी, खतीब, मुकादम, नाखवा ही आपली आडनावे म्हणजे जुन्या हुद्द्यांच्या आणि धंद्यांच्या खुणाच आहेत. पण किल्ल्यांचा इतिहास लिहिला गेला. बंदरावरच्या, बाजारातल्या, शेतावरच्या या माणसांचा लिहायचा राहिला. तो लिहायला लागणारे कागद त्यांच्याच नातवंडांच्या माळ्यावर होते, काही अजूनही आहेत.

आणि वेळ थोडा आहे. महामार्ग रुंद झाला, बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या, ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. जुनी घरे पडत आहेत. भूसंपादनाची नोटीस आली की आपण पेट्या उघडतो, सातबारा, फेरफार, खरेदीखत शोधतो आणि न वाचता येणारे कागद बाजूला सारतो. मोबदल्यासाठी ज्या कागदाची किंमत कळते, ती ओळखीसाठी कळू नये?

कोकण इतिहास परिषद, किल्ले वसई मोहीम यांसारखी मंडळे आपल्या भागात काम करतात. त्यांच्या सभांना आपण जावे असे आम्हांला वाटते. कोणी बोलावण्याची वाट पाहू नये. आपल्याविषयी कोणी चुकीचे बोलले तर तिथेच, कागद हातात घेऊन बोलावे. घरातला कागद कोणाला देण्याची गरज नाही. त्याचा स्वच्छ फोटो काढावा, तो कोणाच्या घरचा, कधीपासूनचा, हे लिहून ठेवावे आणि एक प्रत मंडळाकडे द्यावी. जमातीच्या हिशेबाच्या वह्या, निकाहाची जुनी रजिस्टरे, मशिदीवरचे आणि कबरींवरचे लेख यांची यादी प्रत्येक जमातीला एका उन्हाळी सुट्टीत करता येईल. मशिदीचा जीर्णोद्धार करताना जुना दगड भरावात टाकण्याआधी त्याच्यावर काय कोरले आहे तेवढे पाहावे. कागदांना प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. साध्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावेत.

राहिला प्रश्न अदबीचा. कुरआन शरीफची जीर्ण पाने पायदळी येऊ नयेत म्हणून आपण ती जपून दफन करतो, ती रीत योग्यच आहे. पण जमिनीच्या, वाटणीच्या, निवाड्याच्या कागदावर वर अल्लाहचे नाव लिहिले ते कशासाठी? खाली जे लिहिले आहे ते खरे आहे, याची त्याला साक्ष ठेवून. त्या साक्षीची अदब कागद बुडवून होत नाही, तो जपून होते.

अजूनही वैतरणेच्या पुलावरून जाताना आमची नजर खाली पाण्याकडे जाते. आमच्या घरचे पुडके परत येणार नाही. पण वर्गातली काही मुले आता आपापल्या घरी नानीला, दादीला विचारू लागली आहेत, की माळ्यावर काही जुने आहे का? परवा एक मुलगा रुमालात बांधून एक कागद घेऊन आला. अक्षर आम्हांलाही लागले नाही. आम्ही त्याचा फोटो काढला, गाव आणि तारीख लिहिली, कागद त्याच रुमालात नीट बांधला आणि त्याला सांगितले, "जसा आणलास तसा घरी ने. आणि अब्बांना सांग, हा नदीत सोडायचा नाही."