मार्गशीर्षातलं पिल्लू

मराठी माणूस कुत्रा पाळायला इंग्रजांकडून शिकला, असं एक मत आपल्याकडे बरंच रुळलेलं आहे. त्यामागची मांडणी अशी, की आपल्या घरात गाय होती, बैल होता, अंगणात तुळस होती. कुत्रा मात्र उंबऱ्याबाहेरचा आणि शिळ्या भाकरीचा धनी. त्याला नाव, पट्टा आणि अंथरूण देऊन कुटुंबात घेण्याची हौस साहेबाच्या बंगल्यावरून उचललेली. या मतात अर्धं तथ्य आहे. पट्टा, परवाना, जातिवंत वंशावळ आणि दिवाणखान्यातली जागा या गोष्टी खरोखरच त्या वाटेनं आल्या. पण पिल्लू घरी येणं, मुलांनी ते वाढवणं, घरातल्या बाईनं त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा काढून ठेवणं हे त्याच्या फार आधीचं आहे. ते इतिहासाच्या नजरेतून निसटतं, कारण ते बारमाही नव्हतं. हुरडा आणि पतंग जसे थंडीचे, तसं पिल्लूही थंडीचं होतं.

याचं मूळ कुत्र्याच्या शरीरधर्मात आहे. आपली गावठी कुत्री बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते, आणि तेही पावसाळा सरत आला की. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेडोपाडी पोरासोरांनाही ठाऊक असतं. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. म्हणजे बहुतेक विणी दिवाळीच्या मागेपुढे आणि त्यानंतरच्या थंडीत पडतात. पिल्लांचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, महिन्याच्या आत ती लडबडत बाहेर येतात, आणि मार्गशीर्ष-पौषात कोणाच्याही पायात घुटमळायला लागतात. नेमका हाच काळ खेड्यातल्या घराला थोडी उसंत असण्याचा. खरिपाचं पीक निघालेलं, खळी चाललेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या. कुत्रीही व्यायला जागा शोधते ती अशीच: गंजीच्या पोटात, उसाच्या पाचटात, पेठेत असली तर भट्टीच्या उबेला. दिवाळीचा मातीचा किल्ला ज्या पोरांनी केला, तीच पोरं त्यानंतर विटा आणि गोणपाट घेऊन कुत्रीचं घर बांधायला बसतात. घराघरांतून मूठमूठ कणीक, गूळ, पळीभर तेल गोळा होतं आणि व्यालेल्या कुत्रीला शिरा घातला जातो. बाळंतिणीला जे लागतं ते तिलाही लागतं, हा त्यामागचा सरळ विचार.

मग निवड होते, आणि तिचं एक शास्त्र होतं. नखं मोजायची. कुत्र्याला सर्वसाधारणपणे 18 नखं असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. मागच्या पायांना एकेक जादा नख असलं, की पिल्लू ‘वीसनखी’ ठरतं, आणि वीसनखी कुत्रं राखणीला तिखट अशी ठाम समजूत. मानगुटीला किंवा कानाला धरून उचलायचं. केकाटलं नाही ते खंबीर. नर आधी उचलले जात, माद्या मागे राहत. या परीक्षांना प्राणिशास्त्राचा आधार नाही, आणि कान धरून उचलणं तर क्रूरच आहे. तरीही इतक्या बारकाईनं पारखून जे घेतलं जातं, ते कोणाला नकोसं होतं असं म्हणता येत नाही. कुत्रा नुसता दारात येऊन पडत असे, ही कल्पना इथेच खोटी ठरते. त्याला निवडून आणत, नाव देत, आणि तो अमक्याच्या घरचा म्हणून ओळखला जाई.

सणांचं चक्रही याच काळात कुत्र्यापाशी येतं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा असा खंडोबाचा नैवेद्य, आणि त्यातला घास कुत्र्यालाही घालतात, कारण घोड्याबरोबर कुत्राही त्या देवाचा सोबती. जेजुरीचे वाघे स्वतःला खंडोबाचे कुत्रे मानतात. कुत्र्यासारखं भुंकणं हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता. गुंथर सोंथायमर यांनी धनगर आणि खंडोबा यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं, तेव्हा या कुत्र्याकडेही गंभीरपणे पाहिलं. चंपाषष्ठीनंतर नऊ-दहा दिवसांत दत्तजयंती येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापील तसबिरींमुळे दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे घराघरांतल्या भिंतीवर आले, आणि ते चार वेद आहेत असं आजीकडून नातवंडाला कळू लागलं. पिल्लं अंगणात खेळतात तेव्हाच हे दोन्ही दिवस यावेत, हा योगायोग असेल. सण त्यासाठी ठरले असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलाच्या ओंजळीत पिल्लू आहे, त्याला त्याच पंधरवड्यात देवाच्या शेजारी कुत्रा दिसतो आणि त्याच्या नावानं काढलेला घास दिसतो. याचा काहीच परिणाम होत नसेल, असं मानणं अवघड आहे.

इथे शास्त्राचा आक्षेप येतो. धर्मशास्त्रानं कुत्र्याला अपवित्र ठरवलं, मग ही माया कुठली? मनुस्मृतीचा तिसरा अध्याय या प्रश्नाला चांगलं उत्तर देतो. रोजच्या वैश्वदेवात कुत्र्यांसाठी जमिनीवर अन्न ठेवावं, असं तिथे सांगितलं आहे. आणि त्याच अध्यायात पुढे, श्राद्धाला ब्राह्मण जेवत असताना कुत्र्याची नजर पडू नये असंही सांगितलं आहे. हे परस्परविरोधी वाटतं, पण तसं नाही. दोन्ही नियम जागा ठरवतात: घास द्यायचा, पण तो कुठे आणि केव्हा, हे घर ठरवणार. नामदेवांची गोष्ट लोकांना इतकी प्रिय झाली तीही याच सीमेमुळे. कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन, कोरडी खाऊ नकोस म्हणत त्याच्यामागे धावतात. ऐकणाऱ्यांना भाकरी देणं ठाऊकच होतं. तूप नेऊन देणं हे त्यांना संताचं वाटलं. अंतर मायेच्या असण्या-नसण्यात नव्हतं, किती जवळ येऊ द्यायचं यात होतं.

ती सीमा ओलांडल्याचं सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचं. ग्रँट डफनं 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची नोंद आहे. शिकारीत वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या कुत्र्याला महाराजांनी सनद देऊन जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा दरबारात सरदारांसमोर त्याला जरीचा पोशाख, दागिने आणि आपली पगडी घालून आणलं. डफला हा राजाचा लहरीपणा वाटला. त्याच्या लेखी तसा तो असेलही. पण जहागीर, सनद आणि पालखी ही मराठी राज्यात निष्ठेची पोच देण्याची रूढ भाषा होती, आणि शाहूंनी तीच वापरली. संगम माहुलीला शाहूंच्या या कुत्र्याची, खंड्याची, समाधी आजही दाखवतात. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचं मात्र मी पुराव्यात धरत नाही. त्याचं स्मारक विसाव्या शतकातलं आहे आणि त्याला समकालीन कागदांचा आधार नाही. राजाच्या हौशीवरून रयतेचं घर कळत नाही, हेही खरं. म्हणून रयतेकडेच वळायला हवं, आणि तिथे धनगर वाड्याइतकी चांगली साक्ष दुसरी नाही. देशावरचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. सारा संसार घोड्यांच्या पाठीवर, आणि रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, राखणीला कुत्री. इथलं पिल्लू मेंढरांच्या वासात वाढतं, कोकरांबरोबर खेळतं, आणि पुढे लांडग्यासमोर उभं राहतं. त्याच्यावाचून कळप जगत नाही, हे वाड्यातल्या लहान पोरालाही कळतं.

इंग्रजी राज्यानं काय बदललं, ते मुंबईत स्पष्ट दिसतं. शहरातली मोकाट कुत्री वर्षातल्या ठरावीक दिवसांत मारायची असा नियम 1813 पासून होता. 1832 साली उन्हाळ्यातली ती मुदत वाढवली गेली आणि मारलेल्या कुत्र्यामागे 8 आणे बक्षीस असल्यामुळे शिपाई घरादारांत शिरू लागले. 6 जूनला फोर्टात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे आणि मृतदेहाला कुत्र्याची नजर देण्याचा सगदीद हा त्यांचा विधी आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, लष्कराची रसद अडली, आणि त्यात हिंदू, जैन, मुसलमानही सामील होते. हा दंगा पारशांचा म्हणूनच सांगितला जातो. पण फक्त पारशांचा असता तर सारा बाजार कशाला बंद पडता? सरकारच्या दृष्टीनं ज्याला मालक नाही ते कुत्रं बेवारस. शहरातल्या लोकांच्या दृष्टीनं ते गल्लीचं होतं. ‘पाळीव’ आणि ‘भटका’ अशी कायद्याला लागणारी दुफळी लोकांच्या वागण्यात तोवर नव्हती; दिवाळीनंतर गोणपाटावर वाढलेलं तेच पिल्लू पुढे अर्धं घराचं आणि अर्धं आळीचं होऊन जगत असे. पुढे याच शहरात 1874 साली प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था उभी राहिली आणि 1883 साली परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आलं. हे मोठं काम होतं. पण परवाना आणि बिल्ला हीच आपलेपणाची खूण ठरली, की बिल्ला नसलेल्या कुत्र्यावरचा गल्लीचा हक्क संपतो, हेही त्याबरोबर घडलं.

भीतीचाही इतिहास आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पिसाळलेला कुत्रा चावणं म्हणजे एके काळी मरणच. 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, 1911 मध्ये तिथे डेव्हिड सेंपलनं मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि पोटात घेतलेली चौदा इंजेक्शनं मराठी घरातल्या किमान तीन पिढ्यांच्या बोलण्यात आली. ती लस या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. ज्या आईनं पोराच्या हातातलं पिल्लू खाली ठेवायला लावलं, तिला निर्दय म्हणणं चूक आहे. तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

याहून कठीण आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही जिला ऋतूची माया म्हणता, ती ऋतूबरोबरच संपत होती ना? थंडीत लाड, उन्हाळ्यात हाकलणं. नर घरी, माद्या पोत्यात घालून गावाबाहेर. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आकड्याचंही बळ आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या 364 पिल्लांचा मागोवा घेतला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत जगली ती जेमतेम 19 टक्के, आणि बहुतांश मृत्यूंमागे कोणत्या ना कोणत्या रूपानं माणूसच होता. महाराष्ट्रात चित्र फार निराळं असेल असं मानायला कारण नाही. तेव्हा जुन्या अंगणाचे गोडवे गाणं मला मान्य नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती माया खरी होती आणि अपुरी होती, आणि ही दोन्ही विधानं एकत्र धरल्याशिवाय हा इतिहास नीट कळत नाही. शेतकऱ्याच्या घरात माणसाच्या लेकरांचंही जगणं-मरणं बेभरवशाचं असताना कुत्रीच्या सहा पिल्लांपैकी एकाला निवडून वाढवणं, यापलीकडे जाण्याची ऐपत फार थोड्यांची होती.

वाडे पडून ब्लॉक आले तशी ही रीत मोडली. अंगण गेलं, ओटा गेला, कुत्रीनं व्यावं अशी गंजीही गेली. ज्याला कुत्रा हवा त्याला तो दिवाणखान्यातच घ्यावा लागला, आणि तिथे यायला जातिवंत पिल्लू सोयीचं. अशा जातींच्या बहुतेक माद्या वर्षातून दोनदा माजावर येतात आणि विक्रीसाठीची पैदास माणूस ठरवतो, म्हणून पिल्लू कोणत्याही महिन्यात मिळू लागलं आणि दिनदर्शिकेपासून सुटलं. पु. ल. देशपांड्यांनी पाळीव प्राण्यांवर लिहिलं तेव्हा घरातला कुत्रा हा मध्यमवर्गीय वाचकाला हसू आणणारा नवा पाहुणा होता. आज तो नवा राहिलेला नाही.

गल्लीतल्या कुत्र्याचं पुढे काय, हे 2001 च्या नियमांनी बरंच ठरवलं: मारायचं नाही, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच जागी सोडायचं. 2023 च्या नियमांनी त्याला परिसराचा प्राणी मानून खाऊ घालण्याची जागा ठरवण्याचं काम तिथल्या रहिवाशांच्या संघटनांवर टाकलं. निर्बीजीकरणाचं काम नेटानं झालं तर थंडीतली वीण थांबेल, आणि पुढच्या मुलांना विटा-गोणपाटाचं घर बांधावं लागणार नाही. 19 टक्क्यांचा आकडा समोर असताना त्याची हळहळ वाटू नये. मात्र कुत्र्याला माणसाच्या हाताची सवय लावणं, हा त्या जुन्या रिवाजाचा भाग आजही कामाचा आहे. रेबीज आटोक्यात ठेवायला 70 टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथे कुत्रं हाकेला ओळखीनं जवळ येतं तिथे दरवर्षी त्याला धरून लस देणं काही मिनिटांचं काम असतं, आणि जिथे ते दगडांनाच सरावलेलं असतं तिथे पालिकेच्या माणसांना जाळी घेऊन दिवसभर त्याच्यामागे धावावं लागतं.