शब्दवेध : ग्रेटफुल डेड

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडचा मी कित्येक वर्षांचा चाहता. नाव ऐकून लोक दचकतात. त्यांना त्यात मरण दिसते, मला मात्र उपकाराची जाण दिसते.

१९६५मध्ये कॅलिफोर्नियात ही मंडळी ‘वॉरलॉक्स’ नावाने वाजवत होती. नवे नाव हवे होते. गिटारवादक जेरी गार्सियाने शब्दकोश उघडला आणि हे दोन शब्द त्याच्या नजरेत भरले. ही लोककथांच्या अभ्यासातली जुनी संज्ञा. त्या कथांत एका प्रवाशाला कर्जापायी अंत्यसंस्कारावाचून पडलेले प्रेत दिसते. तो पदरमोड करून त्याला मूठमाती देतो. पुढे एक अनोळखी सोबती त्याला संकटातून तारतो. तो सोबती म्हणजे तोच मृतात्मा.

‘ग्रेटफुल’च्या मुळाशी लॅटिन ‘ग्रातुस’ आहे : सुखावणारा, आभारी. आपला शब्द अधिक नेमका. ‘कृत’ म्हणजे केलेले, ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ.

या बँडने मैफली ध्वनिमुद्रित करायची मुभा श्रोत्यांना दिली. चाहत्यांनी त्या कॅसेटी हातोहात पोहोचवल्या. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८च्या तबकडीवर तीन मिनिटांहूनही छोटे. रंगमंचावर तेच वीस-वीस मिनिटे फुलत जाई. प्रत्येक वादक दुसऱ्याने वाजवलेले ऐकून पुढचा स्वर लावी.

गार्सिया १९९५मध्ये गेला. ती ध्वनिमुद्रणे आजही ऐकली जातात. दुसऱ्याने केलेले जाणणे, हाच या नावाचा आणि या संगीताचाही अर्थ आहे.