‘नांदायला या’ची नोटीस : रखमाबाईंपासून आजपर्यंत

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका भगिनीने मला हळूच बाजूला घेतले. तिच्या भाचीला नवऱ्याकडून वकिलामार्फत नोटीस आली होती : नांदायला या. “आता पोलीस येऊन पोरीला ओढून नेतील का हो?” असे तिने विचारले. मी “नाही” म्हटले, पण सारे समजावून सांगण्याइतका निवांतपणा तेथे नव्हता. ते आज वर्धापनदिनाच्या निमित्ताने सर्वच भगिनींसाठी सांगते.

ही भीती उगीच आलेली नाही. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सासरी कधी नांदल्याच नाहीत. शिकल्या, जाणत्या झाल्या आणि या नवऱ्याकडे जाणार नाही म्हणाल्या. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. पण अपिलानंतर प्रकरण फिरले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांत केवढे रण माजले! अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. घटस्फोट असा झालाच नाही. त्यांना तशी वाटच नव्हती.

आपल्याकडे कित्येक जातींत काडीमोडीची रीत जुनी होती आणि आजचा कायदाही अशी सिद्ध झालेली रूढी मानतो. पण जेथे ती रीत नव्हती, तेथे पुरुष खुशाल दुसरी बायको करी आणि पहिलीला दार बंद. हे दार थोडेथोडे उघडत गेले. नांदायला न जाणाऱ्या स्त्रीला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली गेली. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा व १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. शेवटी १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अंमलात आला. सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून आयुष्य वेचलेल्या रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. दार उघडलेले त्यांना दिसले, एवढेच.

१९५५ च्या कायद्यात क्रूरपणा व त्याग या कारणांवरून फक्त न्यायिक विभक्तता मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यांवरून घटस्फोटही मिळू लागला आणि परस्परसंमतीची वाटही खुली झाली.

आता आजची रीत पाहू. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. इतरांचे कायदे वेगळे. संमती असल्यास, वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. सहा महिन्यांनी कोर्ट पुन्हा विचारते. ही मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. संमती नसेल तर कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. अर्ज कुटुंब न्यायालयात, ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयात द्यायचा. २००३ पासून पत्नीला आपण राहते तेथील कोर्टात जाता येते. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कुटुंब न्यायालयात आधी समुपदेशक दोघांशी बोलतात. दावा चालू असतानाही पोटगी व खर्च मागता येतो आणि मुलांच्या ताब्याचा निर्णयही तेथेच होतो.

आणि ती नोटीस? वकिलाची नोटीस म्हणजे पत्र. तिला वकिलामार्फत उत्तर द्यावे. कोर्टाचे समन्स आले तर मात्र परत पाठवू नये. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होतो. नांदायला जाण्याचा हुकूमनामा आजही होऊ शकतो, पण कोणी हाताला धरून नेत नाही. हुकूम मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास झाला नाही, तर दोघांपैकी कोणालाही त्यावरून घटस्फोट मागता येतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे साधा अर्ज द्यावा.

ती भाची सध्या माहेरीच आहे. नोटिशीला उत्तर गेले आहे. पुन्हा नांदायचे की वेगळे व्हायचे, हे अजून तिचे ठरलेले नाही. ते तिने स्वस्थपणे ठरवावे, आणि तोवर तिला टोचून बोलणारी आपल्यापैकी कोणी नसावी, एवढीच माझी विनंती आहे.