रहस्यकादंबरीतील अंतर्कथा आणि साक्षीचा प्रश्न : 'द मूनस्टोन' ते 'मॅगपाय मर्डर्स'

प्रस्तावना

गोष्टीच्या पोटात गोष्ट गुंफण्याची रीत भारतीय वाचकाला नवी नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ती आहे आणि मराठी घरांत परिचित असलेल्या 'वेताळपंचविशी'तही आहे. वेताळ राजाला गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न घालतो आणि राजाचे मौन सुटताच पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. त्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, असे राजा कधी विचारत नाही. तेथे प्रश्न न्यायाचा असतो, पुराव्याचा नसतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात आकाराला आलेल्या रहस्यकादंबरीने हीच जुनी रचना स्वीकारली, मात्र तिच्याकडे निराळे काम सोपवले. खून झालेली व्यक्ती बोलू शकत नाही. तिच्या वतीने कोणीतरी निवेदन करतो, पत्र लिहितो, रोजनिशी ठेवतो किंवा कबुलीजबाब देतो. त्यामुळे या कादंबरीतील अंतर्कथा ही मूलतः साक्ष असते. ती कोणाची, आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न तिच्याबरोबरच उभा राहतो. तझ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९६६ साली असे मांडले की, प्रत्येक रहस्यकादंबरीत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची व दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असल्यामुळे ती प्रत्यक्ष दिसत नाही. दुसरीच्या द्वारे ती जुळवून घ्यावी लागते. अंतर्कथा हे या दोन कथांना जोडणारे दार होय. गेल्या दीडशे वर्षांत या दारातून कोणाला आत घेतले गेले आणि कोणाला बाहेर ठेवले गेले, याचा मागोवा निवडक कादंबऱ्यांच्या आधारे घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

न्यायालयाचा नमुना : विल्की कॉलिन्स

विल्की कॉलिन्स याने 'द वूमन इन व्हाइट' (१८५९-६०) या कादंबरीत अनेक व्यक्तींच्या निवेदनांतून कथा सांगण्याची पद्धत वापरली. न्यायालयात साक्षीदार जसे एकामागून एक उभे राहतात, तशीच ही मांडणी असल्याचे त्याने आरंभीच स्पष्ट केले. 'द मूनस्टोन' (१८६८) मध्ये हीच पद्धत अधिक काटेकोर झाली. फ्रँकलिन ब्लेक हा तरुण आणि त्याच्या परिवाराचा वकील हिऱ्याच्या चोरीची संपूर्ण हकीकत लेखी नोंदवून ठेवण्याचे ठरवतात. वृद्ध कारभारी बेटरेज, धर्मवेडी मिस क्लॅक, वकील ब्रफ, डॉक्टरचा मदतनीस एझरा जेनिंग्ज अशा अनेकांची निवेदने त्यात येतात. प्रत्येकाने केवळ स्वतःला ज्ञात असलेलेच सांगावे, असा दंडक आहे. ऐकीव माहिती साक्ष म्हणून ग्राह्य धरू नये, या न्यायालयीन तत्त्वाचेच हे कथारूप होय.

या रचनेला समकालीन घटनेची पार्श्वभूमी होती. १८६० साली इंग्लंडमधील रोड या गावी एका सुखवस्तू घरात चार वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाचा खून झाला. लंडनहून आलेले पोलीस अधिकारी जोनाथन व्हिचर यांनी मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला. तिचा एक रात्रीचा झगा नाहीसा झाला होता, यावर त्यांची भिस्त होती. परंतु पुराव्याअभावी ती सुटली आणि प्रतिष्ठित घराच्या अंतर्भागात डोकावल्याबद्दल व्हिचर यांच्यावरच टीकेची झोड उठली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः कबुली दिली. 'द मूनस्टोन'मधील सार्जंट कफ आणि रंगाचा डाग पडलेला झगा यांचे मूळ या प्रकरणात आहे. घराण्याची प्रतिष्ठा आणि सत्य यांत विरोध आला असता कोणाचे म्हणणे मान्य होते, हा प्रश्न कॉलिन्सला या प्रकरणाने पुरवला.

या दृष्टीने रोझाना स्पिअरमन या मोलकरणीचे पत्र विशेष लक्षणीय आहे. एके काळी चोरीची शिक्षा भोगलेली ही स्त्री जिवंत असताना ब्लेक तिचे म्हणणे ऐकून घेत नाही. ती दलदलीच्या वाळूत जीव देते, आणि नंतर तिने ठेवलेले पत्र हाच तपासातील निर्णायक दुवा ठरतो. त्यातून उघड होते की, हिरा उचलणारा खुद्द ब्लेकच होता; अफूच्या अमलाखाली त्याने तो नकळत उचलला, हे पुढे कळते. सर्व साक्षी गोळा करून ग्रंथित करणारी व्यक्तीच कृत्याची कर्ती निघते. पुढील काळातील प्रयोगांचे बीज येथेच सापडते.

तथापि या साक्षीदारांच्या रांगेत एक मोठी उणीव आहे. कादंबरीचा आरंभ १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या पाडावाने होतो. हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी हिऱ्याच्या रक्षकांचे रक्त सांडून तो लुटतो, असे त्याच्याच चुलतभावाने लिहिलेल्या कागदातून कळते. हिरा परत नेण्यासाठी तीन ब्राह्मण इंग्लंडमध्ये येतात, गॉडफ्रे ॲबलव्हाइटचा खून करतात आणि अखेरीस हिरा सोमनाथच्या मूर्तीकडे पोहोचतो. कॉलिन्सची सहानुभूती लुटारूच्या बाजूने नाही, हे स्पष्टच आहे. असे असूनही या तिघांपैकी एकाचेही निवेदन कादंबरीत नाही. त्यांची अखेरची हकीकतसुद्धा मर्थवेट या इंग्रज प्रवाशाच्या पत्रातून येते. ज्यांच्यावर मूळ अन्याय झाला, त्यांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जागा मिळालेली नाही.

दूरदेशीचे कारण : आर्थर कॉनन डॉयल

फ्रान्समध्ये एमिल गाबोरिओ याने 'मस्य लकॉक' (१८६९) या कादंबरीचा दुसरा खंड संपूर्णपणे १८१५ च्या सुमारास घडलेल्या कौटुंबिक वैराला वाहिला. तपास अडतो, कथा मागे जाते आणि गुन्ह्याचे मूळ उलगडते. डॉयलच्या पहिल्या कादंबरीची रचना याच धर्तीची आहे. 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) चा पहिला भाग लंडनमधील दोन खुनांचा, तर दुसरा अमेरिकेतील युटा प्रदेशातल्या मॉर्मन वसाहतीचा आहे. दुसऱ्या भागातील पहिली पाच प्रकरणे एका सर्वज्ञ निवेदकाने सांगितली आहेत. हा निवेदक कोण, हे कोठेही उलगडत नाही. तेथील समाजाचे चित्र एकांगी आहे, परंतु त्याला आव्हान देणारा आवाज नाही. त्यानंतर जेफरसन होप आपली कबुली देतो आणि न्यायालयासमोर उभा राहण्यापूर्वीच हृदयविकाराने मरतो. इंग्लंडमध्ये खुनासारख्या गुन्ह्यातील आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार १८९८ च्या कायद्याने मिळाला. न्यायालयाने जे ऐकले नसते, ते कादंबरी त्याआधी अकरा वर्षे ऐकत होती, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये जोनाथन स्मॉल याची दीर्घ हकीकत १८५७ च्या आग्र्याच्या किल्ल्यात नेते. खजिन्यासाठी अहमद या व्यापाऱ्याचा खून होतो. स्मॉल आणि त्याचे तीन साथीदार शपथेने बांधले जातात. या साथीदारांना डॉयलने शीख म्हटले, पण त्यांची नावे महमद सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर अशी ठेवली. ही चूक किरकोळ नाही. हिंदुस्थान हे कथेला कारण पुरवणारे ठिकाण आहे, तेथील माणसे नीट ओळखण्याची गरज निवेदकाला किंवा लेखकाला वाटलेली नाही. अंदमानातील टोंगा तर प्रत्यक्ष लंडनमध्ये येतो, त्याच्या विषारी काट्याने एक खून होतो, टेम्स नदीवर गोळी लागून तो मरतो. मात्र स्वतःची कथा सांगण्याची संधी त्याला मिळत नाही. स्मॉल गोरा असल्याने गुन्हेगार असूनही त्याला एक संपूर्ण प्रकरण लाभते. साम्राज्याच्या काळात साक्षीचा अधिकार अपराधावर नव्हे, तर वंशावर ठरत होता, हे या तुलनेतून दिसून येते.

लेखणीच संशयित

या सर्व कादंबऱ्यांत एक गृहीतक समान आहे : अंतर्कथा सांगणारा अखेरीस खरे बोलतो. पहिल्या महायुद्धानंतर हे गृहीतक ढासळले. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) मध्ये निवेदक डॉ. शेपर्ड तपासाची हकीकत लिहून काढतात आणि ते हस्तलिखित पॉयरोला वाचायला देतात. पॉयरो त्यांच्या संयमाची प्रशंसा करतो, म्हणजे त्यांनी काय गाळले आहे ते हेरतो. शेपर्ड यांनीच खून केलेला असतो. याच कादंबरीत मृत ॲक्रॉइडचा आवाज ध्वनिमुद्रण यंत्रातून ऐकवला जातो आणि तो जिवंत असल्याचा भास निर्माण केला जातो. लिखित शब्द आणि मुद्रित आवाज या दोन्ही 'विश्वसनीय' साधनांवर एकाच वेळी प्रश्नचिन्ह लावले गेले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुप्तहेराच्या सहकाऱ्याने मनातले विचार वाचकापासून लपवू नयेत, हा त्यांपैकी एक. नियम सांगावा लागला, यातच विश्वासाला गेलेला तडा दिसतो.

ख्रिस्ती यांचीच 'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२) ही या टप्प्यावरील सर्वांत परिपक्व कृती म्हणता येईल. चित्रकार एमियास क्रेल याच्या खुनाला सोळा वर्षे लोटली आहेत. त्याची पत्नी कॅरोलाइन दोषी ठरून तुरुंगातच वारली आहे. पॉयरो पाच व्यक्तींकडून त्या दिवसाची लेखी हकीकत मागवतो. पाचही निवेदने कादंबरीत सलग दिली आहेत. घटना तीच, शब्दही पुष्कळदा तेच. अर्थ मात्र बदलतो. कॅरोलाइनने बहिणीला लिहिलेले पत्र निर्दोषत्वाचा पुरावा मानले जाते, पण ती बहिणीलाच अपराधी समजून गप्प राहिली होती, हे नंतर ध्यानात येते. साक्ष खोटी नसूनही तिचा अर्थ चुकीचा लागू शकतो, हा विचार कॉलिन्सच्या न्यायालयात नव्हता. चुकीच्या वाचनाची किंमत येथे एका निरपराध स्त्रीने चुकवलेली आहे.

ग्रंथ हाच पुरावा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंतर्कथेचे रूप पुन्हा पालटले. आता निवेदनाऐवजी संपूर्ण पुस्तकच कथेच्या गाभ्याशी आले. मिशेल ब्युतोर यांच्या 'लांप्लुआ द्यू तां' (१९५६) मध्ये ब्लेस्टन या इंग्रज शहरात आलेला एक फ्रेंच कारकून त्याच शहरावरची एक रहस्यकादंबरी वाचतो. तिच्या टोपणनावामागील लेखकाची ओळख तो उघड करतो आणि पुढे त्या लेखकावर अपघात ओढवतो. वाचणे ही निरुपद्रवी कृती राहत नाही.

उम्बेर्तो इको यांच्या 'द नेम ऑफ द रोझ' (१९८०) मध्ये १३२७ सालच्या एका मठातील खुनांची हकीकत ॲड्सो या संन्याशाच्या हस्तलिखितातून, तेही भाषांतराच्या भाषांतरातून, वाचकापर्यंत येते. खुनांचे कारण म्हणजे ॲरिस्टॉटलचा हास्यरसावरील हरवलेला ग्रंथ. त्याच्या पानांना लावलेले विष वाचणाऱ्याचा जीव घेते. ओर्हान पामुक यांच्या 'माय नेम इज रेड' (१९९८) मध्ये १५९१ च्या इस्तंबूलमधील चित्रकारांच्या जगात पहिले निवेदन विहिरीत पडलेल्या प्रेताचे आहे. रहस्यकादंबरी ज्या मौनावर उभी होती, ते मौन येथे आरंभीच भंगते. तरीही मृताला खुन्याचे नाव सांगता येत नाही; खुनी स्वतःही निवेदन करतो आणि शेवटी त्याच्या रेखाटनातील लकबीवरून ओळखला जातो.

अँथनी हॉरोविट्झ यांच्या 'मॅगपाय मर्डर्स' (२०१६) मध्ये ॲलन कॉनवे या लेखकाची १९५५ साली घडणारी कादंबरी जवळजवळ अखंड छापली आहे. फक्त शेवटची प्रकरणे नाहीत. लेखक मृत आहे आणि त्याची संपादिका सूझन रायलंड हरवलेली पाने व लेखकाचा मारेकरी या दोहोंचा शोध घेते. तिच्याकडे पोलिसी अधिकार नाही, केवळ वाचनाचा सराव आहे. नावांतील अक्षरखेळ, ओळखीच्या माणसांवरून बेतलेली पात्रे हाच तिचा पुरावा. साक्षीदार, न्यायाधीश व गुप्तहेर यांची कामे येथे एका वाचकाच्या ठायी एकवटतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून रहस्यकादंबरीतील अंतर्कथेचे तीन टप्पे मानता येतात. पहिल्यात ती विश्वसनीय साक्ष होती, दुसऱ्यात संशयास्पद कागद झाली आणि तिसऱ्यात संपूर्ण ग्रंथ बनून वाचकालाच तपासात ओढू लागली. हा प्रवास केवळ तंत्राचा नाही. साक्ष कोणाची ग्राह्य धरायची याविषयी त्या त्या समाजाच्या ज्या धारणा होत्या, त्यांचीही नोंद त्यात झाली आहे. नंतरच्या लेखकांनी निवेदकावर संशय घ्यायला शिकवले. परंतु श्रीरंगपट्टणचे रक्षक, आग्र्याचे साथीदार आणि अंदमानचा टोंगा यांची निवेदने त्यामुळे उपलब्ध झाली नाहीत. खोटी साक्ष उलटतपासणीने उघडी पाडता येते. न नोंदवलेल्या साक्षीला तो उपायही लागू पडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला कागदपत्रे हाताळताना हीच अडचण येते. म्हणून साहित्य आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापनात या कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या जाणे उपयुक्त ठरेल. कोणी काय सांगितले याबरोबरच कोणाला विचारलेच गेले नाही, याची यादी करण्याची सवय विद्यार्थ्यांना त्यातून लागू शकते.