पट्टा कोण काढणार? गाडीतला एसी, कच्चा चढ आणि इंजिनाची ताकद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना दोन-तीन ठिकाणी मी भरकटलो होतो, ते इथे जरा नीट केलंय. सगळं नाही.

प्रश्न साधा होता. कच्च्या रस्त्यावर, चढावर एसी बंद केला की इंजिनाला खरंच जोर येतो, की ही नुसती ड्रायव्हर लोकांची समजूत? मला या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाआधी मामाकडून मिळालं होतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

१९९८ चा मे महिना. मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालेलं आणि तिला वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगरातल्या घरी न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं, डोळ्यात धूळ जाता कामा नये. मेमध्ये त्या रस्त्यावर घोटाभर फुफाटा. म्हणजे काचा बंद, आणि काचा बंद म्हणजे एसी हवाच. मामाच्या जुन्या डिझेल जीपला एसी मुळातला नव्हता. डॅशबोर्डखाली बाहेरून बसवून घेतलेला होता, खास मामीसाठी.

डांबर संपेपर्यंत सगळं झकास. वाडीचा शेवटचा चढ लागला, मामाने पहिला गिअर टाकला, गाडी धापा टाकत निम्म्यावर आली आणि समोरून ‘खट्’ असा आवाज आला. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला होता. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद पडलं की ब्रेकही जड होतो, आणि त्या जीपचा हँडब्रेक नावापुरताच होता. मी उडी टाकून मागच्या चाकाखाली दगड सरकवला. मामी आत, डोळ्यांना काळा चष्मा, काय चाललंय ते तिला दिसतही नव्हतं.

मामा म्हणाला, “आधी ती थंडी बंद कर.”

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणालो, “मामा, एसीला चार-पाच हॉर्सपॉवर लागतात. तुझ्या गाडीला साठ आहेत.”

“साठ कुठे आहेत? आत्ता इथे आहेत का?”

हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्याकडे.

आता १९३९. अमेरिकेत पॅकार्ड नावाची श्रीमंतांची गाडी होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात, पॅकार्डने १९४० ची मॉडेलं मांडली आणि त्यांत कारखान्यातूनच एसी बसवून घ्यायची सोय होती. किंमत २७४ डॉलर, त्या काळी मोठीच रक्कम. थंड हवा तयार करणारं धूड मागे डिकीत, हवा मागच्या सीटच्या पाठीमागून यायची. कॉम्प्रेसर मात्र पुढे, इंजिनाच्या पट्ट्यावर.

आणि गंमत बघा. तो बंद करायला बटणच नव्हतं! पंखा बंद करता यायचा, पण कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये क्लच नव्हता. इंजिन फिरतंय तोवर कॉम्प्रेसर फिरणार. नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा हाताने काढून ठेवा. थंडीचे महिने आले की लोक तेच करायचे. पॅकार्डच्या मोठ्या आठ सिलिंडरी इंजिनाला १६० हॉर्सपॉवर होते, रस्ते सपाट होते, त्यामुळे हे खपून गेलं. तेही फार नाही. १९४१ नंतर पॅकार्डने तो प्रकार गुंडाळला, मग अमेरिका युद्धात उतरली. १९५३ मध्ये क्रायसलर आणि जनरल मोटर्सने एसी परत आणला.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे, आणि त्याला कुणी फारसं भाव देत नाही. १९५४ च्या नॅश अँबॅसडरमध्ये (आपली अँबॅसडर वेगळी बरं का) सगळी यंत्रणा पुढे बॉनेटखाली आली, बटणं डॅशबोर्डवर आली आणि कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच मिळाला. म्हणजे काय, तर पट्टा फिरत राहतो, पण कॉम्प्रेसरचा दांडा त्याला जोडायचा की सोडायचा हे एक लोहचुंबक ठरवतो. आपण बटण दाबल्यावर जो ‘खट्’ ऐकू येतो तो त्याचाच. पट्टा काढायचं काम बोनेटखालून ड्रायव्हरच्या बोटापाशी आलं. पण त्याच क्लचला थर्मोस्टॅटही जोडलेला असतो. त्यामुळे तो कधी लागेल हे ड्रायव्हरच्या हातात पूर्णपणे राहिलं नाही. आमच्या जीपचं नेमकं तेच झालं.

आता मामाचं वाक्य. गाडीच्या कागदावर जे साठ हॉर्सपॉवर लिहिलेले असतात ते इंजिन मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्या घेत असताना. कच्च्या चढावर, दगड चुकवत, तुम्ही हजार फेऱ्यांवर घुटमळत असता. ढोबळ हिशोब मांडू. तिथे इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, १०० न्यूटन-मीटर धरा. हजार फेऱ्यांना त्याची ताकद होते साडेदहा किलोवॅट, जेमतेम चौदा हॉर्सपॉवर. कॉम्प्रेसरने त्यातले दोन किलोवॅट घेतले तर टॉर्कमधले १९ गेले. उरले ८१. चढाला ८५ लागत असतील तर? १०० मध्ये भागतं, ८१ मध्ये इंजिन बसतं. हायवेवर एसीचा भार जाणवत नाही याचं कारण तिथे फेऱ्या जास्त असतात आणि हाताशी ताकद शिल्लक असते. साठ खरंच तिथे नव्हते. मामा दहावी नापास होता.

आपल्याकडे हा धडा घाटांनी घराघरात शिकवला. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाळीसच्या आत हॉर्सपॉवर. अशा गाडीत एसी म्हणजे पाहुण्याने अर्धं ताट खाण्यासारखं. खोपोली आली की वडील एसी बंद करायचे, आणि मागच्या सीटवरून “बाबा, प्लीज” सुरू व्हायचं, हे माझ्या वयाच्या कितीतरी श्रोत्यांना आठवत असेल.

पुढे ते काम कॉम्प्युटरने घेतलं. इंधन इंजेक्शन आलं तशी गाडीला ॲक्सिलरेटर किती दाबलाय, पाणी किती तापलंय हे कळायला लागलं. पेडल तळाला गेलं की तो काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो, इंजिन फारच तापलं तरी सोडतो. एसी लागताना फेऱ्या आधीच थोड्या वाढवून ठेवतो, म्हणजे आचका बसत नाही. आजच्या टर्बो डिझेलला दीड-दोन हजार फेऱ्यांनाच ३०० न्यूटन-मीटर मिळतात, वर फोर-लो गिअर चाकांचा जोर आणखी वाढवतो. तिथे कॉम्प्रेसरचे पंधरा-वीस गेले तर गेले. तेव्हा नव्या गाडीवाल्यांनी ताकदीची काळजी फार करू नये, असं मी म्हणेन.

काळजी करायची ती उष्णतेची. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. गाडीतली उष्णता तो बाहेर टाकतो, आणि तीच तापलेली हवा मागच्या रेडिएटरकडे जाते. ताशी ८० ला वारा सगळं सांभाळून घेतो. ताशी ८ ला, वाळूत किंवा दगडांत, वारा नसतो, फक्त पंखा असतो. काटा वर सरकायला लागला की एसी बंद. तरी उतरत नसेल तर हीटर लावा. उकडून जीव जातो, पण हीटर हा इंजिनाचा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. उंचावर टर्बो नसलेल्या इंजिनाची आणखी पंचाईत. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण तीस टक्के विरळ असते आणि ताकदही जवळपास तेवढीच उतरते. अर्थात तिथे एसी लावायची वेळ क्वचितच येते.

त्या दिवशी मामाने गाडी हळूहळू मागे घेत चढाच्या पायथ्याशी आणली. सावलीत उभी केली, फेऱ्या वाढवून पाच मिनिटं एसी पूर्ण जोरात चालवला, आतलं सगळं गार केलं. मग कॉम्प्रेसरचं बटण बंद, पंखा चालू. एसीचं आतलं कॉईल थंडगार होतं, त्यामुळे काचा न उघडता मिनिट-दीड मिनिट गार हवा येत राहिली. चढ तेवढ्याच वेळाचा होता. मला त्याने मागून पायी यायला लावलं. माणूस कमी, वजन कमी, असं कारण दिलं. दगड उचलायला कुणीतरी हवं होतं, हे मला नंतर सुचलं.

मी धुळीने पांढरा होऊन वर पोचलो तेव्हा मामी ओसरीवर बसली होती. चष्मा तसाच. म्हणाली, “मगाशी गाडी मागे कशाला घेतली रे? काही विसरलं होतं का?”