कर्करोगावरील इम्युनोथेरपी हृदयावर का उलटते?

कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना आवर घालणारे काही 'ब्रेक' शरीरातच असतात. 'इम्यून चेकपॉइंट इनहिबिटर' ही औषधे हे ब्रेक सोडवतात. इपिलिमुमॅब या गटातील पहिल्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली; पुढे निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब आली. या उपचारामागील संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ब्रेक सुटलेल्या टी-पेशी कधी कधी निरोगी अवयवांवरही तुटून पडतात. हृदयाच्या स्नायूवर हल्ला झाला, तर त्याला सूज येते. हाच मायोकार्डायटिस.

धोका किती?
हा दुष्परिणाम साधारण शंभरात एका रुग्णाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. मात्र झाल्यास अनेक अभ्यासांत २५ ते ५० टक्के रुग्ण दगावल्याचे आढळले. दोन चेकपॉइंट औषधे एकत्र दिल्यास धोका वाढतो. बहुतेक वेळा त्रास पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतो. कधी पहिल्या डोसनंतरही.

लक्षणे कोणती?
धाप लागणे, छातीत दुखणे, धडधड, चक्कर, पायांवर सूज आणि कमालीचा थकवा. पापण्या खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, अंग दुखणे हेही इशारे असू शकतात, कारण हृदयासोबत इतर स्नायूंनाही सूज येते. थकवा कर्करोगाचाच असेल असे समजून घरी थांबणे इथे महागात पडते.

निदान कसे होते?
रक्तातील ट्रोपोनिन, ईसीजी, इको, हृदयाचा एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ठीक दिसले, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

उपचार काय?
इम्युनोथेरपी लगेच थांबवून मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड शिरेतून देतात. ती जितकी लवकर सुरू होतील, तितके चांगले. त्यांनी फरक पडला नाही, तर रोगप्रतिकारक शक्ती दाबणारी इतर औषधे वापरली जातात.

रुग्णांनी काय करावे?
या भीतीने उपचार स्वतःहून बंद करू नयेत. अनेकांसाठी हीच औषधे जीवनदायी ठरतात. मात्र वरील लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि तिथल्या डॉक्टरांना 'इम्युनोथेरपी सुरू आहे' हे सर्वांत आधी सांगावे. इम्युनोथेरपी म्हणजे केमोथेरपी नव्हे. फक्त 'केमो चालू आहे' असे सांगितले, तर निदानाची दिशा चुकू शकते.